फिजी हरलं असतं तर

शाळेच्या प्रोजेक्टमध्ये सगळं चिठ्ठीवर असतं. यंदा विषय होता प्रशांत महासागरातले देश. वरच्या मजल्यावरच्या मुलाला पलाऊ आलं. निळ्या कागदावर एक पिवळं वाटोळं, की झाला झेंडा. तो पौर्णिमेचा चंद्र; आणि तोही मधोमध नाही, जरा दांडीकडे सरकलेला, म्हणजे हात हलला तरी खपून जातं. त्याच्या आईने वाटी पालथी घालून चंद्र उरकला आणि मालिका बघायला बसली. लेकीच्या मैत्रिणीला नाऊरू. निळ्यावर आडवी पिवळी रेघ, ती विषुववृत्ताची. तिच्याखाली बारा टोकांचा पांढरा तारा, कारण बेट विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे आणि तिथल्या मूळ जमाती बारा. झेंडा आणि नकाशा एका कामात. जगात असे समंजस देश आहेत.

आम्हाला फिजी.

"बाबा, प्रिंट चालणार नाही, हातानेच काढायचाय. आणि उद्याच द्यायचाय," लेकीने रात्री जेवताना सांगितलं. दुकानं बंद झाल्याची खात्री करूनच पोरं ही बातमी फोडतात. घरात निळा रंग होता तो गडद. "चालेल की," मी म्हटलं. चालणार नव्हता. कोपऱ्यात युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचा झेंडा, आणि बाकी गडद निळा, ही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची मंडळी. फिजीच्या कोपऱ्यातही युनियन जॅकच, पण निळा आकाशी, त्यांच्या समुद्राचा. पांढरा मिसळत मिसळत समुद्र झाला, तोवर पांढरा संपत आला. आणि पांढऱ्याची खरी गरज तर पुढेच होती.

युनियन जॅक आपल्याला वाटतो तसा सरळ नाही. आडव्या-उभ्या पट्ट्यांचं जमतं. पण तिरपे लाल पट्टे पांढऱ्याच्या मधोमध नसतात. दांडीच्या बाजूला रुंद पांढरा वर, दुसऱ्या बाजूला तोच खाली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांचे क्रॉस एकमेकांवर ठेवताना कुणाचा रुसवा नको म्हणून केलेली ही तडजोड. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या रुसव्यासाठी मी डायनिंग टेबलवर पट्टी सरकवत होतो.

बरं, फिजीवर इंग्रजांचा अंमल सुरू झाला १० ऑक्टोबर १८७४ला आणि संपला १० ऑक्टोबर १९७०ला. तारीखसुद्धा बदलली नाही, मग झेंड्याचा कोपरा कोण बदलणार? १९८७मध्ये देश प्रजासत्ताक झाला, राणीचं राज्य गेलं, कोपरा तिथेच.

उजवीकडे ढाल. ही १९०८ सालच्या राजचिन्हातली, आणि तिच्यात काय नाही ते विचारा. मधे लाल क्रॉस, त्याच्या चार घरांत ऊस, नारळाचं झाड, चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेलं कबुतर आणि केळ्यांचा घड. कबुतर तर इंग्रजांच्याही आधीचं, राजा थाकोम्बाऊच्या झेंड्यावरचं. वरच्या लाल पट्टीत सोनेरी सिंह. फिजीत सिंह नाहीत, तो विलायतेचा. त्याच्या पुढच्या पंज्यांत कोकोचं फळ. एसटी स्टँडवर भाजलेलं कणीस धरून गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा तो उभा आहे.

"सिंह कोको खातो?" लेकीने विचारलं.

"फक्त धरतो."

"मग खातं कोण?"

"इंग्रज," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

ऊस मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. आमचं गाव साताऱ्याकडचं; उसाची पेरं, पाचट, वाढे मला डोळे मिटून येतात. हा ऊस तोडायला १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं हिंदुस्थानातून जहाजांनी नेली. करार पाच वर्षांचा. बहुतेक उत्तरेकडची आणि मद्रासकडची. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथलीच आहेत. ढालीतलं ते घर टिचभर होतं. त्यात जेवढा उभा राहिला तेवढा ऊस काढला आणि थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

मग लेकीने टॅब समोर धरला. "बाबा, हे वाच. ते झेंडा बदलणार होते!"

खरंच होतं. २०१५मध्ये पंतप्रधान बैनीमरामांनी जाहीर केलं की हे गुलामीच्या काळातलं सामान आता उतरवू. नव्या झेंड्यासाठी स्पर्धा घेतली, नमुने निवडले, लोकांपुढे मांडले. बहुतेक नमुने असे सुटसुटीत, की मी एका हाताने चहा पीत काढले असते. लोकांनी नाकं मुरडली, मुदती पुढे गेल्या. तेवढ्यात आलं २०१६चं रिओ ऑलिंपिक. सात खेळाडूंच्या रग्बीत फिजी अंतिम फेरीत. समोर साक्षात ब्रिटन. निकाल ४३-७! फिजीचं हे पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक आणि तेही सोन्याचं. सगळा देश तोच आकाशी झेंडा घेऊन रस्त्यावर नाचला. कोपऱ्यात युनियन जॅक, ब्रिटनलाच हरवल्याच्या आनंदात. आठवडाभरात पंतप्रधानांनी सांगून टाकलं, झेंडा आहे तोच राहील. पुढे त्या विजयाची म्हणून सात डॉलरची नोटसुद्धा काढली. झेंड्याला हात लावायचं नाव कुणी काढलं नाही.

लेकीला सामन्याचा व्हिडिओ सापडला. रात्रीचे साडेबारा, कबुतराची एक चोच व्हायची होती, पांढरा रंग संपलेला.

"बाबा, आपण कुणाच्या बाजूने?"

"ब्रिटनच्या," मी म्हणालो.

माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते, याची बायकोने लगेच आठवण करून दिली. त्यांना कुणी सिंह काढायला लावला नव्हता.