शेतातली मेहनत, अनुलोम-विलोम आणि बीपीची गोळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

उच्च रक्तदाबासाठी वेगाने चालणे आणि श्वसनाचे व्यायाम यांवरील माझ्या लेखाबद्दल आपण दोन आक्षेप घेतले आहेत. परभणीकडे दिवसभर कापसात राबणाऱ्या माणसाला 'फिरायला जा' म्हणणे ही शहरी थट्टा आहे, हा पहिला. आणि आपल्या मामांची गोळी केवळ अनुलोम-विलोमाने सुटली असताना मी प्राणायामाला दुय्यम ठरवले, हा दुसरा. दुसऱ्यात धोका असल्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो.

श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला की रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक तत्पर होते, रक्तवाहिन्यांवरचा ताण सैलावतो आणि वरचा आकडा उतरतो. हे मी नाकारलेले नाही. मात्र प्राणायामावरून उठल्या उठल्या घेतलेले माप हे त्या शांत क्षणाचे असते; दुपारी बाजार समितीत भावावरून हुज्जत घालताना तोच दाब किती असतो, हे त्यावरून कळत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली औषधांव्यतिरिक्तच्या उपायांचा आढावा घेतला, तेव्हा एरोबिक व्यायामाला, म्हणजे वेगाने चालण्यासारख्या नाडी सलग वाढवणाऱ्या व्यायामाला, सर्वांत वरची शिफारस दिली आणि उपकरणाच्या मदतीने श्वास संथ करण्याला त्याखालची. नियमित एरोबिक व्यायामाने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ५ ते ८ ने उतरतो. ज्याचा आकडा १७० आहे, त्याला एवढ्याने गोळी सोडता येणार नाही, हे वेगळे सांगायला नको. काही गोळ्या तर एकाएकी बंद केल्यास दाब उसळतो.

आता शेताचे. शेतातली मेहनत मोठीच आहे, परंतु तिची जात वेगळी आहे. युरियाची ४५ किलोची गोणी पाठीवर घेताना माणूस नकळत श्वास रोखून धरतो, आणि त्या काही क्षणांत दाब झपाट्याने चढतो. वेचणीत तासन्‌तास वाकून राहावे लागते. कंबर मोडते, पण नाडी सलग वाढलेली राहतेच असे नाही. आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणे, हे त्या कामात आपोआप घडत नाही. ज्याला शेत दोन किलोमीटरवर आहे, त्याने मोटारसायकल घरी ठेवली तरी बरेच साधते. त्यासाठी बूट-ट्रॅकसूटची गरज नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मात्र हे सूर्य वर येण्याआधीच उरकावे, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, कारण पाणी कमी पडून चक्कर येऊ शकते.

भस्त्रिका, कपालभाती आणि दीर्घ कुंभक मी वगळले, त्यावरही आपली नाराजी दिसते. अनियंत्रित दाबात जोरकस श्वास किंवा श्वास कोंडणे मी सुचवणार नाही.

मामांना एक विनंती पोहोचवावी. आठवडाभर सकाळी प्राणायामाच्या आधी आणि पुन्हा संध्याकाळी, पाच मिनिटे पाठ टेकून बसल्यावर बीपी मोजावे; त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. ते आकडे वहीत लिहून, ज्यांनी गोळी सुरू केली त्या डॉक्टरांना दाखवावेत. ते आकडे १३० च्या खाली टिकून असतील, तर गोळीचे काय करायचे हे डॉक्टर आणि मामा मिळून ठरवतील, आणि माझा आक्षेप राहणार नाही.