"चार चाकं आहेत, उलटत नाही": एटीव्हीच्या त्या फॉरवर्डला एकेक करून उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर अलिबाग, नागाव, लोणावळ्याचे प्लॅन सुरू होतात आणि त्याच्या मागोमाग एटीव्हीचा, म्हणजे वाळू-चिखलात चालवायच्या, स्कूटरसारखं हँडल असलेल्या चारचाकी गाडीचा, हा फॉरवर्ड येतोच: "एटीव्ही राईड एकदम सेफ! चार चाकं असल्यामुळे उलटत नाही, बाईकपेक्षा सोपी, दोघं आरामात बसतात, पाच-सहा वर्षांची मुलंपण चालवतात, लायसन लागत नाही, स्पीड कमी म्हणून हेल्मेट ऑप्शनल. बिनधास्त एन्जॉय करा!" खाली बदामांची रांग.

राईड करू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, वाळूत नाहीतर चिखलात ती गाडी चालवायला मजा येतेच. पण या फॉरवर्डमधलं जवळपास प्रत्येक वाक्य एकतर चुकीचं आहे नाहीतर अर्धवट खरं, आणि अर्धवट खरी वाक्यंच जास्त डोक्याला ताप देतात. तर एकेक घेतो.

"चार चाकं असल्यामुळे उलटत नाही"

ही समजूत आली कुठून ते आधी बघा. 1970 मध्ये होंडाने अमेरिकेत या प्रकारची गाडी आणली तेव्हा तिला तीन चाकं होती. वळणावर त्या इतक्या कलंडायच्या की शेवटी 1988 मध्ये तिकडच्या सरकारशी कोर्टातून समझोता करून कंपन्यांनी नवीन तीनचाकी विकणं बंद केलं. मग चारचाकीच राहिली आणि लोकांच्या डोक्यात बसलं की चौथं चाक लागलं म्हणजे प्रॉब्लेम संपला. कमी झाला, संपला नाही. संपला असता तर ऑस्ट्रेलियाला 11 ऑक्टोबर 2021 पासून असा नियम करावाच लागला नसता की शेतावर वगैरे वापरायच्या नवीन क्वाड बाईकला, म्हणजे याच गाडीला, मागे रोलबारसारखं, म्हणजे गाडी उलटली तरी माणूस खाली चेपू नये असं, साधन असल्याशिवाय ती विकायचीच नाही, कारण तिकडे शेतातली माणसं उलटलेल्या गाडीखाली सापडून मरत होती. (कंपन्यांना हे पटलं नाही, होंडा आणि यामाहाने तिथे असल्या शेतावरच्या क्वाड विकणंच सोडलं. तो वाद वेगळा. पण गाडी उलटते की नाही यावर तो वाद नव्हता.)

आता उलटते का? रुंदी कमी, खालचा क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यातलं अंतर) जास्त म्हणून इंजिन वर, आणि त्याच्याही वर तुम्ही. त्यात बऱ्याच एटीव्हींना मागच्या ॲक्सलला डिफरन्शियल नसतं, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच स्पीडने फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, कारमध्ये ते आपोआप ॲडजस्ट होतं, इथे होत नाही. मऊ मातीत आतलं चाक थोडं घसरून घेतं आणि भागतं. डांबरावर चाक घसरत नाही, पकडतं. मग हँडल वळवलं तरी गाडी सरळच रेटत राहते, माणूस घाबरून अजून वळवतो, आणि मग ती एकदम झटका देऊन वळते किंवा बाहेरच्या बाजूला कलंडते. म्हणून रिसॉर्टपासून बीचपर्यंत गावातल्या डांबरी रस्त्याने "जरा फिरवून आणतो" म्हणणारे लोक सगळ्यात साधा वाटणारा पण सगळ्यात वाईट रस्ता निवडतात. एटीव्ही बनवणारे स्वतःच गाडीवर स्टिकर लावून सांगतात की पक्क्या रस्त्यावर चालवू नका, पण भाड्याच्या गाडीवरचा तो स्टिकर उन्हाने कधीच उडालेला असतो.

थोडक्यात ही गाडी नुसती उभी असते तेव्हा स्वतःचा तोल सांभाळते, चालायला लागली की तो चालवणाऱ्याच्या अंगाने सांभाळायचा असतो. वळताना अंग वळणाच्या आतल्या बाजूला, चढावर पुढे, उतारावर मागे, आडव्या उतारावर वरच्या बाजूला. जो माणूस सीटवर पोत्यासारखा बसून राहतो त्याच्यासाठी ही गाडी सेफ नाही, मग चाकं कितीपण असोत.

"बाईकपेक्षा सोपी"

गिअरची कटकट नसते एवढ्यापुरतं खरं. पण मुंबईत रोज स्कूटर चालवणाऱ्याच्या दोन सवयी इथे नडतात.

पहिली सवय म्हणजे पाय टेकवणे. सिग्नलला, खड्ड्याला, जरा तोल गेला की आपला पाय आपोआप जमिनीवर जातो, वेस्टर्न एक्सप्रेसवर त्यावरच आयुष्य चाललंय. एटीव्हीवर पाय खाली गेला की मागचं चाक त्याच्यावर चढतं, घोटा आणि पोटरी चाकाखाली ओढली जाते. गाडी कलत असेल तरी पाय फूटरेस्टवरच ठेवायचा आणि अंग दुसऱ्या बाजूला टाकायचं. वाचायला सोपं आहे, पण वर्षानुवर्षं पाय टेकवलेल्या माणसाला हे आधी सपाट जागेवर हळू चालवून अंगात मुरवावं लागतं.

दुसरी सवय रेसची. स्कूटरला रेस पिळायची असते, इथे उजव्या अंगठ्याने एक छोटी दांडी दाबायची असते. गाडी उसळली, तुम्ही मागे फेकले गेलात की घाबरून हँडल घट्ट धरता, आणि घट्ट धरताना अंगठाही दाबला जातो. म्हणजे जिथे थांबायचं तिथेच गाडी अजून सुसाट. भिंतीत नाहीतर झाडात घुसलेल्या नवशिक्यांचे व्हिडिओ बघा, चेहऱ्यावर घाबरलेला भाव आणि इंजिन मात्र फुल आवाजात. म्हणून सुरुवातीला गाडी बंद असताना फक्त अंगठा सोडायची प्रॅक्टिस करायची, आणि इंजिन बंद करायचा लाल किल स्विच कुठे आहे ते न बघता बोटाला सापडलं पाहिजे.

चढावर गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली तर रेस देऊ नका आणि मागचा ब्रेक एकदम दाबू नका, दोन्हीत पुढची चाकं वर उचलून गाडी तुमच्याच अंगावर येऊ शकते. आपल्या लोणावळ्याच्या ट्रॅकवर पावसाळ्यात लाल चिखल असतो, तिथे असला चढ नवख्याला द्यायलाच नको, पण देतात.

"दोघं आरामात बसतात"

सीट लांब दिसते म्हणून सगळ्यांना तसंच वाटतं. ती लांब आहे कारण चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकून वजन टाकायचं असतं. मागे दुसरा माणूस बसला की सरकायला जागाच उरत नाही, वरून वजन मागे आणि उंचावर गेल्यामुळे पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगही हलकं लागतं आणि चढावर उलटायची शक्यता वाढते. खास दोन सीटच्या एटीव्ही येतात, त्या लांबच असतात आणि मागच्याला वेगळी सीट, धरायला हँडल असतं. ती नसेल तर एक गाडी एक माणूस. नवरा-बायकोचा फोटो गाडी बंद करून काढा ना, कोण नको म्हणतंय.

यातलाच भाऊ म्हणजे "आमचा माणूस मागे बसेल, काळजी नको". त्या दादाचा हात हँडलपर्यंत पोचतो, पण रेस तुमच्या अंगठ्याखाली असते, आणि तुम्ही घाबरून दाबलीत तर त्याला ती सोडवता येत नाही. तोही शेवटी एक जास्तीचा पॅसेंजरच.

"पाच-सहा वर्षांची मुलंपण चालवतात"

इथे मी जरा चिडतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचं, स्पष्ट मत आहे की 16 वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये, कुठल्याच साईझची. गाड्या बनवणारे तेवढं कडक बोलत नाहीत, ते वयानुसार साईझ ठरवतात, पण त्यांच्याही हिशोबात मोठी एटीव्ही वयाच्या 16 च्या पुढेच, आणि 6 वर्षांपासूनच्या गटातली गाडी जास्तीत जास्त साधारण ताशी 24 किमीच्या स्पीडची, तीही लिमिटर लावून 16 किमीच्या आसपास ठेवायची, आणि मोठ्या माणसाने नजर ठेवायची. म्हणजे जो सगळ्यात सैल नियम आहे त्यातसुद्धा पाच वर्षांचं मूल बसत नाही.

मोठी एटीव्ही अडीचशे-तीनशे किलोची असते. 20 किलोच्या पोराने अंग कुठल्याही बाजूला टाकलं तरी त्या गाडीला कळणारसुद्धा नाही, मग तोल सांभाळायचा कसा? आणि मुलाला पुढ्यात बसवून बाबांनी चालवणं ही तर आपली लाडकी पोझ. ब्रेक लागला की ते मूल हँडल आणि बाबांची छाती याच्यामध्ये चेपतं, हँडल थेट पोटात. लहान मुलांच्या छोट्या गाड्या असतात त्यांना बऱ्याचदा मागे एक दोरी असते, ओढली की इंजिन बंद. ती दोरी हातात धरून कोणीतरी मागे चालत असेल तरच बोला, दोरी सीटखाली खोचलेली असेल तर ती शोभेची.

"लायसन लागत नाही"

हे अर्ध खरं. मोटार वाहन कायदा 1988 मधली मोटार गाडीची व्याख्या फॅक्टरीत किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेल्या गाड्या वगळते, त्यामुळे पार्कच्या कंपाउंडमधल्या ट्रॅकवर कोणी लायसन विचारत नाही. पण कंपाउंडच्या बाहेर आलात की रस्ता तो रस्ताच, तिथे नंबर, इन्शुरन्स, लायसन सगळं आलं, आणि आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक एटीव्हींचं रजिस्ट्रेशनच नसतं. बीचचं काय? कायद्यातलं "सार्वजनिक ठिकाण" म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा, फक्त रस्ता नव्हे. वाळूत किल्ला करत बसलेली मुलं तुमच्या ट्रॅकवर आलेली नसतात, तुम्ही त्यांच्या बीचवर आलेले असता.

आणि लायसन न विचारणं म्हणजे शिकण्याची गरज नाही असं नव्हे. राज्य सरकारचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. सर्टिफिकेट दाखवा म्हणायला लाजू नका, पैसे आपण देतोय.

"स्पीड कमी, हेल्मेट ऑप्शनल"

20 च्या स्पीडला दगडावर डोकं आपटलं तर डोकं स्पीड विचारत नाही. घरचं आयएस 4151 छापाचं (आयएसआय मार्कवालं) हेल्मेट पिकनिकच्या बॅगेत टाका, तिथलं घामट, बक्कल तुटलेलं घेण्यापेक्षा बरं. फुल पँट, बूट (चपला नको, सायलेन्सर पोटरीला चटका देतो), वाळू उडते म्हणून गॉगल, ओढणी कमरेला घट्ट. पण एक लक्षात घ्या, हेल्मेट डोकं वाचवतं, छातीवर पडलेली तीनशे किलोची गाडी नाही. म्हणून हेल्मेट घातलं म्हणजे वरचं सगळं माफ असं नाही.

राहिलं "बिनधास्त". बसायच्या आधी दोन मिनिटं गाडीभोवती एक चक्कर मारा. टायर हाताने दाबून डावा-उजवा सारखा लागतो का बघा, यात हवा जेमतेम चार-पाच पीएसआय असते त्यामुळे एक-दोनचा फरकसुद्धा गाडी एका बाजूला ओढतो, आणि पेट्रोल पंपावरच्या मीटरला एवढा बारीक फरक धड दिसतही नाही. दोन्ही ब्रेक दाबून गाडी ढकलून बघा. मग इंजिन बंद ठेवून रेस दाबून सोडा, हँडल सरळ असताना आणि दोन्हीकडे पूर्ण वळवून. अंगठा काढल्यावर ती खाडकन परत आली नाही, जरा जरी अडकली, तर "चालतंय हो साहेब, सगळे हीच चालवतात" असं तो दादा कितीही म्हणाला तरी त्या गाडीवर बसायचं नाही, दुसरी मागायची.