आधी सरांना उद्यमबागेत न्या

मुलांनी इंजिनिअरिंगकडे वळावं म्हणून शिक्षकांनाच प्रशिक्षण द्यावं, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण सभागृहात बसवून स्लाइड दाखवू नका. खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतल्या सर-बाईंना बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत न्या. फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) साचा कसा बनतो, सीएनसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर पार्ट कसा उतरतो हे त्यांनी स्वतः बघितलं, तरच वर्गात सांगतील की. व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, १९९८ पासून इथेच आहे, तरी आमची पोरं पुण्याचीच वाट धरतात!

आणि एक, कर्नाटकच्या सीईटी या प्रवेश परीक्षेतल्या ग्रामीण कोट्याची माहिती आठवीतच द्या. पहिली ते दहावी खेड्यात शिकल्याचा दाखला लागतो, तो ऐनवेळी मिळवताना पालकांची धावपळ होते. बारावीनंतर सांगून काय उपयोग?