व्हय म्हाराजा, एक बीप दी!

परवा मंगळवारी खाडीच्या धक्क्यावर एका खांबाने माझा पाणउतारा केला.

पलतडी नेणाऱ्या तरीचं, म्हणजे होडीचं, तिकीट वीस रुपये. खिडकीशेजारी हल्लीच खांब रोवलाय, त्यावर काळी पेटी. 'येथे कार्ड टेकवा'. टेकवलं. 'टीं.' झालं? तरीवरचा पोरगा मोबाइलकडे बघून म्हणाला, "नाय आला, काका." परत टेकवलं. 'टीं.' "नाय आला."

लाल दिवा म्हणजे नाही, हिरवा म्हणजे हो, असं पेटीवर लिहिलंय. मला लाल-हिरवं जन्मापासून कळत नाही. हिरवी मिरची आणि पिकलेली मिरची मी जिभेने ओळखतो. त्यात पेटीचं तोंड पश्चिमेला. दुपारी चारच्या उन्हात काचेवर दिसत होता फक्त माझाच घामेजलेला चेहरा.

तेवढ्यात रांगेतले एक आजोबा पुढे आले. खांद्यावर पंचा, हातात अळूची गड्डी. माझ्याकडे नाही, थेट पेटीकडे बघून त्यांनी हात जोडले आणि देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागची अख्खी रांग. सवयीने.

"आज तुझ्या दाराक ह्यो तुझो झील कार्ड घेवन उभो रवलो हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचा काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल. तेच्या कार्डाक कोणाची नजर लागली आसात, तर ती पलतडच्या धक्क्यार धाडून दी, आणि तेका हिरवो दिवो दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टेकवलं. 'टीं.'

"कौल इलो," आजोबा म्हणाले.

"नाय इलो," पोरगा म्हणाला.

खरं सांगतो, आमच्या देवळातला पाषाण याहून सभ्य. कौल लावताना त्याला चिकटवलेलं फूल उजवीकडे पडलं की हो, डावीकडे पडलं की नाही. दिसत नसलं तर गुरव मोठ्याने सांगतो. या पेटीला होकाराचा एक आणि नकाराचा दुसरा असे दोन आवाज द्यायला किती खर्च आला असता? कार्डात बॅटरी नसते. १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींतून ते पेटीकडूनच ऊर्जा घेतं, तीही चारेक सेंटिमीटरच्या आत, क्षणभर स्थिर धरलं तर. ज्याचा हात कापतो त्याने काय करायचं? आणि पेटी माझ्या छातीइतकी उंच. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाने ती खालून नुसती बघायची. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, खांब गेल्या महिन्यातला. माझ्या मागे डोक्यावर बांगड्यांची पाटी घेतलेली मावशी होती, दोन्ही हात पाटीला. ती म्हणाली, "माका तिसरो हात खंयसून हाडू?" तिच्या पदराच्या गाठीतली वीसची नोट खिडकीतल्याने घेतली. मीही मुकाट्याने नोट काढली. कार्डासाठी पाकीट उघडंच होतं.

होडी खाडीच्या मधोमध आली आणि मोबाइलला रेंज मिळाली. बँकेचे तीन मेसेज, ओळीने. वीस, वीस, वीस. प्रत्येक 'टीं' म्हणजे हो होतं!

पोरगा म्हणाला, "हापिसात अर्ज करा, काका." हापिस पलतडी नाही, आम्ही निघालो त्या धक्क्यावर.

आजोबांनी वाकून माझ्या मोबाइलात बघितलं.

"तीन येळा पावलो मरे! आता नारळ पण तीन लागतले."