नव्या धरणांआधी विजेची बचत
वाढत्या मागणीसाठी विदर्भात नवे जलविद्युत प्रकल्प उभारावेत, हे एका लेखात मांडलेले मत मला घाईचे वाटते. छताचा साधा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा 30 ते 35 वॅटमध्ये जवळपास तेवढाच वारा देतो. म्हणजे एकाच वेळी चालणारे 10 लाख पंखे बदलले तर सुमारे 40 मेगावॅटची मागणी कमी होते, आणि पेंच नदीवरील तोतलाडोह जलविद्युत केंद्राची स्थापित क्षमता 160 मेगावॅटच आहे, म्हणजे ही बचत तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी. नागपुरात मे महिन्यात पंखे रात्रंदिवस चालतात, नेमके तेव्हाच धरणातले पाणी पिण्यासाठी राखावे लागते. सूर्यास्तानंतरच्या मागणीसाठी काही मिनिटांत सुरू होणारे जलविद्युत संच फार मोलाचे आहेत, हे मान्य. मात्र त्यासाठी आणखी जंगल बुडवण्यापूर्वी जुने पंखे हप्त्याने बदलून देण्याची योजना सरकारने घरोघरी पोहोचवावी.