खुलासा : जपानचं ‘दात उगवणारं औषध’ अजून आलेलं नाही

‘जपानमध्ये पडलेले दात पुन्हा उगवणारी गोळी आली, आता कवळी विसरा!’ असा मेसेज सध्या फिरतोय. औषध खरं आहे, ‘आली’ मात्र खोटं. आणि ती गोळीही नाही, शिरेतून देतात.

दातांच्या वाढीला लगाम घालणारं यूसॅग-१ नावाचं प्रथिन शरीरात असतं. त्याला अडवणारी अँटिबॉडी म्हणजे हे औषध. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जन्मतः दात कमी असलेल्या उंदरांना त्यामुळे दात आले, फेरेटला (मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या प्राण्याला) तर एक जादाच आला! माणसांवरची पहिली चाचणी २०२४ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झाली : ३० ते ६४ वयाचे, किमान एक दाढ नसलेले ३० पुरुष. हा टप्पा प्रामुख्याने औषध सुरक्षित आहे का, हे तपासण्याचा.

मेसेजात मिरवलेलं २०३० हे संशोधकांचं उद्दिष्ट आहे, विक्रीची तारीख नव्हे. शिवाय आधी विचार आहे तो जन्मजात दात नसलेल्या रुग्णांचा. किडून काढलेल्या दाढेचा नंबर त्यानंतर, तोही चाचण्या यशस्वी झाल्या तर. तेव्हा ठरलेलं रूट कॅनाल या मेसेजच्या भरवशावर पुढे ढकलू नका.