मणक्यात ‘गॅप’ असतोच, आणि असायलाच हवा

महिनाभरात एकच मेसेज पाच-सहा ग्रुपांतून आला. सार असं: कंबरदुखी म्हणजे मणक्यात गॅप पडणं, दुखलं की लगेच एमआरआय काढा, तीन आठवडे सक्त विश्रांती, तीही फळीवर, दिवसभर पट्टा, पुन्हा कधी वाकायचं नाही, रोज गरम शेक. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे सगळं इमानेइतबारे पाळून आखडलेली माणसं माझ्याकडे येतात, म्हणून लिहितेय.

आधी तो गॅप. एक्स-रे उजेडासमोर धरला की दोन मणक्यांमध्ये काळी फट दिसते. ती रिकामी नसते. तिथे चकती, म्हणजे बोलीतली ‘गादी’, असते. हाडासारखी ती एक्स-रेत उमटत नाही, एवढंच. कमरेत ही फट साधारण एक सेंटिमीटरची असते. वयानुसार चकतीतलं पाणी कमी होतं तेव्हा ती रुंदावत नाही, उलट अरुंद होते. म्हणजे ‘गॅप पडला’ म्हणून धास्तावलेल्या माणसाचा गॅप बऱ्याचदा कमी झालेला असतो! रिपोर्टमधलं ‘डिस्क स्पेस’ (चकतीची जागा) घाईघाईत मराठीत सांगताना हा शब्द आम्हीच रुजवला असावा, असा माझा संशय आहे. ‘गादी सरकली’चंही तेच. चकती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते, कॅरमच्या सोंगटीसारखी सटकत नाही. तिचा आतला मऊ भाग बाहेर येऊन नस दाबू शकतो आणि पायात कळ जाते, हे खरं. पण बाहेर आलेला तो भागही बऱ्याच जणांत शरीर काही महिन्यांत शोषून घेतं.

आता ‘लगेच एमआरआय’. कंबर अजिबात दुखत नसलेल्या 3,110 लोकांच्या स्कॅनचा एक आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांत चकत्यांची झीज होती, 60 टक्क्यांत फुगवटा. विशीतल्या पोरांतही 37 टक्क्यांत झीज! स्कॅन काढला की काहीतरी सापडतंच, आणि सापडलं की सगळ्या दुखण्याचं खापर त्याच्यावर फुटतं. कंबरदुखीच्या दहातल्या नऊ जणांत अमुक एका हाडाकडे किंवा चकतीकडे बोट दाखवता येत नाही. याचा अर्थ दुखणं खोटं असा नव्हे.

स्कॅन लागतो तो वेगळ्या खुणा दिसल्यावर. लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बारीक ताप, घटणारं वजन, रात्री वाढणारी वेदना, पूर्वी झालेला कॅन्सर असेल तर थांबू नका. आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही. हाडं ठिसूळ झालेल्या आजी साध्या पडल्या तरी मणका चेपू शकतो. तिशीतला मुलगा रोज सकाळी अर्धा तास आखडून राहतो आणि हालचालीने मोकळा होतो, तर संधिवाताची तपासणी हवी. मेसेजात यातलं एक अक्षर नाही.

तीन आठवडे अंथरूण? 1986 मध्ये अमेरिकेत सुमारे दोनशे रुग्णांत दोन दिवस विरुद्ध सात दिवस विश्रांती अशी तुलना झाली. दोन दिवसवाल्यांचे कामाचे 45 टक्के कमी दिवस बुडाले. उसण भरली की आडवं व्हावंसं वाटतं. व्हा, पण दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात फिरायला लागा. फळीबद्दल एवढंच, की स्पेनमध्ये 313 लोकांवर झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम गादी सरस ठरली.

पट्टा. जुनाट कंबरदुखीत तो सरसकट वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं. त्याच यादीत ट्रॅक्शनही (वजन किंवा यंत्र लावून कंबर ताणणं) आहे, ज्यावर आमच्या व्यवसायाने बराच काळ पोट भरलं, हेही कबूल करते.

आणि ‘वाकू नका’ हे सांगायचं कुणाला? भांगलणीला जाणाऱ्या एका मावशींनी तीन महिने कंबर ताठ ठेवली होती. पळी पडली तरी लेकीला हाक. आम्ही खुर्चीत बसून हात गुडघ्याकडे, मग घोट्याकडे नेण्यापासून सुरुवात केली, जोडीला चालणं. दोन महिन्यांनी त्या अर्धा दिवस शेतात जाऊ लागल्या. दुखणं पुरतं गेलं नव्हतं, पण धास्ती गेली होती. चालण्याला तर पुरावाही आहे: 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, बरं होऊन ठरवून चालणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला साधारणपणे 208 दिवस लागले, इतरांची 112 दिवसांत धरली.

शेकाची ओळ मात्र बरोबर आहे. त्याने तात्पुरता आराम पडतो, खुशाल घ्या. फक्त पिशवी टॉवेलात गुंडाळा, आणि मधुमेहाने संवेदना कमी झाली असेल तर ती किती गरम आहे ते दुसऱ्या कुणाला तरी हात लावून बघायला सांगा. शेकाने पाठ भाजून आलेले पेशंट मी पाहिलेत.